बारा नाही, अठरा

घरात चार माणसं जमली आणि जेवणं उरकली, की दादा खुर्ची थोडी मागे सरकवायचा आणि विचारायचा, "आमच्या ठिणगीनं घाटात इंजिन फोडलं, ती गोष्ट माहितेय का?"

सगळ्यांना माहीत असायची. तरी सगळे "नाही, सांगा की," म्हणायचे, कारण दादा सांगायचा झकास. घाटाची वळणं तो हातानं काढून दाखवायचा, टर्बोची शिट्टी तोंडानं वाजवायचा, "मी हिला बजावलं होतं, पाय जपून, पाय जपून!" असं म्हणत कपाळाला हात लावायचा आणि शेवटी टेबलावर मूठ आपटायचा. "धडाम्!" पाण्याचे पेले उडायचे. पोरं खिदळायची. ठिणगीही हसायची. बावीस वर्षं ती त्या धडामला हसत आली होती.

ठिणगी हे नाव वडिलांनी ठेवलेलं. ग्राइंडरवर काही घासायला घेतलं, की ही चार वर्षांची पोर ठिणग्या झेलायला हात पुढे करून उभी. वडिलांचं गॅरेज म्हणजे एक लांबोडका पत्र्याचा शेड होता. सोळाव्या वर्षी ती तिथल्या जोडणीच्या बाकड्याला लागली, ती सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत. तीस वर्षं. रॉकेलच्या तसराळ्यात ब्रशनं धुतलेले सुटे भाग, त्यांचा तो थंड, जड स्पर्श, तळहातांत काठी घुसळून बसवलेले व्हॉल्व्ह, बोल्ट आवळताना मनातल्या मनात म्हणायचा क्रम, हे सगळं तिच्या बोटांत अजून होतं. माणसाचं नाव विसरेल, पण कुठल्या इंजिनाचा कुठला बोल्ट शेवटी आवळायचा ते ती झोपेतही सांगेल.

मग ते धडाम् झालं. गाडी तिची स्वतःची होती, लाल, तीन दारांची, पुढच्या चाकांवर चालणारी, टर्बोवाली, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारी. इंजिन दादानं बांधून दिलेलं. दोन महिने धावलं आणि घाटात फुटलं. दुसऱ्या दिवशी दादानं इंजिन उतरवलं, ताडपत्रीत गुंडाळलं, जिन्याखाली ढकललं आणि म्हणाला, "याला कुणी हात लावायचा नाही." आणि पुढे, तिच्याकडे न बघता, "ठिणगे, तू आता पार्टच्या काउंटरवर बस. स्वतःचं इंजिन फोडणाऱ्या बाईनं जोडलेलं इंजिन गिऱ्हाईक कशाला घेईल?"

ती बसली. दादा मोठा होता, वडिलांच्या जागी होता, आणि खरं सांगायचं तर तिलाही वाटत होतं की आपणच फोडलं. पाय तर तिचाच होता पेडलवर.

आता ती अडुसष्टची झाली होती. गॅरेज दादाच्या मुलाकडे आलं होतं. तो तिचा भाचा, चाळिशीचा, अंगानं आडवा, दिवसभर लॅपटॉप काखेत मारून फिरणारा. काउंटरवर संगणक आला आणि काउंटरलाही तिची गरज उरली नाही. तरी ती रोज यायची. सवय.

एका सोमवारी सकाळी भाचा जिन्याखाली वाकून बघत म्हणाला, "आत्या, इथं नवा कॉम्प्रेसर ठेवायचाय. हे तुझं धूड भंगारात देऊ का?"

ती चहा पीत होती. कप तिनं खाली ठेवला.

"देऊ नकोस," ती म्हणाली. "बाकड्यावर चढव."

"कशाला?"

"बांधायचंय."

भाचा हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हसायचं थांबला. दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या दादानं काठी जमिनीवर आपटली. दादा ऐंशीला टेकला होता. सकाळी दहाला यायचा, एकच्या ठोक्याला घरी जेवायला जायचा, आणि मधल्या तीन तासांत सगळ्यांचं काय चुकतं ते सांगायचा.

"ऐकलंस का?" तो मुलाला म्हणाला. "एकदा फोडून हौस फिटली नाही हिची."

"मी फोडलं असेल," ती म्हणाली. "माझी गाडी, माझं इंजिन, मी फोडलं. आता मीच बांधते. परत फुटलं तर परत बांधीन. तुझं काय जातं?"

इतकं लांब वाक्य तिनं दादासमोर कित्येक वर्षांत उच्चारलं नव्हतं. दादानं नुसतं "हं" केलं आणि वर्तमानपत्र उघडलं.

भाचा मात्र एकदम रंगात आला. गाडीचा सांगाडा मागच्या शेडमध्ये कापडाखाली धड होता, हे त्याला माहीत होतं. त्यानं भिंतीवरचा पांढरा फळा पुसला आणि मार्कर घेऊन उभा राहिला.

"आत्या, इंजिन बांधायचं म्हणजे आधी ठरवायचं, कसलं. बाबांना विचार, ते सांगतील एक नंबर." त्यानं एकाचा आकडा लिहिला. "साधं इंजिन. टर्बो नाहीच. भंगारवाल्याकडून चालू इंजिन आणायचं, बसवायचं, विषय संपला."

"तेच बरं," दादा वर्तमानपत्राआडून म्हणाला. "भाजी आणायला जाईल, परत येईल."

"भाजी आणायला माझे पाय आहेत," ती म्हणाली. "दोन नंबर सांग."

भाच्याचे डोळे चमकले. "दोन नंबर! मोठा टर्बो, एवढा." त्यानं हाताची परात करून दाखवली. "घडीव पिस्टन, घडीव रॉड, मोठे इंजेक्टर. चारशे घोडे, आत्या! चारशे! पुढच्या महिन्यात गाड्यांचं प्रदर्शन आहे, तिथं आपल्या पाटीखाली उभी करू. लोक तोंडात बोट घालतील."

"चारशे घोडे, आणि ते ओढणार कोण?"

"पुढची चाकं."

"आणि वळवणार कोण?"

"पुढचीच."

"म्हणजे एकाच माणसानं जड कपाट डोक्यावर घ्यायचं आणि त्यातच सुईत दोरा ओवायचा," ती म्हणाली. "अरे, पाय दाबला की स्टिअरिंग हातात राहील का? गाडी मला शेजारच्याच्या अंगणात नेऊन सोडेल. आणि तो परातीएवढा टर्बो साडेचार हजार फेऱ्यांपर्यंत घोरत पडणार, मग अचानक दचकून उठणार आणि अंगावर धावून येणार. घाटात वळणाच्या मध्यावर उठला म्हणजे?"

"प्रदर्शनात घाट नसतो गं."

"मला प्रदर्शनात उभं राहायचं नाही. मला घाट चढायचाय. तोच."

भाच्यानं मार्कर खाली आणला. वर्तमानपत्रही जरा खाली आलं.

तिनं मार्कर त्याच्या हातातून घेतला. चष्मा कपाळावर चढवला, कारण तिला जवळचं चष्म्याशिवायच नीट दिसायचं, आणि तीन नंबर लिहिला. मूळचाच ब्लॉक, आतली नळकांडी अर्धा मिलिमीटर मोठी कोरून, म्हणजे बोअर करून. घडीव पिस्टन. घडीव रॉड. टर्बो मात्र लहान, मूळ मापाचा, लवकर जागा होणारा. हवा गार करणारा कूलर मोठा. पुढच्या दोन चाकांमध्ये एक असा डिफरन्शियल, की एक चाक सुटून पळायला लागलं तर दुसऱ्याला सोडून जाऊ देणार नाही. घोडे दोनशे वीस. त्याखाली तिनं रेघ मारली.

"घडीव पिस्टन दोनशे विसाला?" भाचा म्हणाला. "ते चारशेला लागतात. उगाच आहे हे."

"उगाच असू दे. मला असं इंजिन हवंय, की ते माझ्या पायापेक्षा दणकट असेल. मग पुन्हा कुणी म्हणायला नको, हिच्या पायानं फुटलं."

दादा उठला. एक वाजला नव्हता, पण उठला. "नवरा नाही, पोर नाही, उरलंसुरलं हे खूळ," असं पुटपुटत काठी टेकत निघून गेला. तिनं ते ऐकलं. पूर्वी असलं काही कानावर आलं की ती काउंटरवरच्या खोक्यांच्या चिठ्ठ्या सरळ करत बसायची. आज सरळ करायला काही नव्हतं, म्हणून तिनं खुंटीवरून भाच्याची जुनी डांगरी काढली, बाह्या चार वेळा दुमडल्या आणि ताडपत्रीची दोरी कापली.

दुपारभर ती आणि भाचा ते इंजिन उघडत होते. बोल्ट गंजले होते, पण तिला प्रत्येकाचा स्वभाव माहीत होता. कुणाला तेल पाजून तास-दीड तास सोडायचं, कुणाला हातोडीचा एक टोला द्यायचा आणि मगच पाना लावायचा. सगळ्यात वरचं झाकण निघालं तेव्हा तिनं ते उलटं केलं आणि कापडानं पुसलं.

गॅरेजची एक रीत होती, वडिलांपासूनची. इंजिन ज्यानं बांधलं त्यानं आपली मापं झाकणाच्या आतल्या बाजूला टोच्यानं कोरून ठेवायची. पुढे कधी कुणी उघडलं तर त्याला कळावं, काय होतं, किती होतं. नाव कोरायचं नाही. अक्षरावरून माणूस कळतो, वडील म्हणायचे.

दादाचं अक्षर उजवीकडे कललेलं, प्रत्येक आकड्याला शेपटी. बोअर अमुक, बेअरिंग तमुक. आणि रिंगांपुढे चार आकडे: बारा, बारा, बारा, बारा.

ते आकडे तिनं बोटानं पुन्हा एकदा चाचपले.

"काय गं?" भाच्यानं विचारलं.

"हेड काढ," ती म्हणाली.

हेड, म्हणजे पिस्टनवरचा जाड ओतीव ठोकळा, निघालं. तीन नंबरच्या पिस्टनचा काठ फुटून गेलेला होता, कुणी बिस्किटाचा कोपरा चावावा तसा. चारही पिस्टन बाहेर आले. ते तिनं ओळीनं मांडले आणि एकेकाचा माथा पुसून बघितला. बेफाम फिरवून इंजिन फोडलं असेल, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि माथ्यावर चंद्रकोर उमटते. चारही माथे साफ होते. बेअरिंगं बघितली, गुळगुळीत. तेल कमी पडल्याची कुठलीही खूण नाही. मग तिनं चिमट्यानं वरच्या रिंगा एकेक करून सोडवल्या. पिस्टनभोवती बसणारी ती बांगडीसारखी रिंग, एका जागी कापलेली. त्या कापाची दोन टोकं तिनं उजेडात धरली.

टोकं आरशासारखी चकाकत होती. चारही रिंगांची.

भाचा आजकालचा असला तरी कच्चा नव्हता. त्याच्या तोंडून शिट्टी निघाली. "टोकाला टोक भिडलंय."

"हो."

रिंगेच्या दोन टोकांमध्ये फट ठेवतात, ती याचसाठी. इंजिन तापलं की रिंग वाढते. वाढायला जागा हवी. जागा नसली तर टोकं एकमेकांना भिडतात, रिंगेला जायला वाट उरत नाही, आणि मग ती ज्या पिस्टनमध्ये बसलेली असते त्याचाच काठ फोडते. साध्या इंजिनाला बारा थाऊ पुरतात, म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले बारा. टर्बो म्हणजे निराळी भट्टी. तिथं अठरा लागतात.

आणि तिला आठवलं. इतकं स्वच्छ आठवलं, की रॉकेलचा वासही आला. दादा रिंगा घासत होता. ती शेजारच्या बाकड्यावर होती. पिस्टनच्या खोक्यात एक घडी घातलेला कागद होता, तो तिनं वाचला होता. ती म्हणाली होती, "दादा, यात टर्बोसाठी फट जास्त सांगितलीय." दादानं मान वर न करता उत्तर दिलं होतं, "कागद छापणाऱ्यानं किती इंजिनं बांधलीत? माझ्या इंजिनातून धूर का येत नाही? फट केसाएवढी ठेवतो म्हणून, तेल वर चढत नाही." आणि ती पुढे काही बोलली नव्हती. कारण खरंच होतं ते. दादाच्या इंजिनांना धूर नसायचा. गावभर कीर्ती होती त्याची. ज्या हाताच्या सवयीनं त्याचं नाव झालं, त्याच सवयीनं हे इंजिन फुटलं.

"आत्या," भाचा हळूच म्हणाला, "बाबांना नको सांगूस. ऐंशीचे झालेत. त्यांच्याजवळ आता त्यांचं नाव तेवढं उरलंय."

"आणि माझ्याजवळ काय उरलं होतं?"

त्यानं चिमटा पुसायला घेतला.

"बावीस वर्षं मी खोक्यांवर चिठ्ठ्या डकवल्या," ती म्हणाली. "या हातांनी." तिनं हात पुढे केले. ते काळे झाले होते आणि तिला ते फार आवडले. "तू मध्ये पडू नकोस. हे आमचं भावाबहिणीचं आहे."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता दादा आला, तेव्हा त्याच्या खुर्चीसमोर एक स्टूल होतं. स्टुलावर पांढरं फडकं, फडक्यावर चार रिंगा, आणि मागे उभं केलेलं ते झाकण, आतली बाजू पुढे.

दादा खाली बसला. चष्मा शोधला. एक रिंग उचलली, टोकांवरून अंगठा फिरवला आणि परत होती तिथं ठेवली. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्या धंद्यात त्यानं साठ वर्षं घालवली होती.

"तुला माहीत होतं?" तिनं विचारलं.

दादा रस्त्याकडे बघत राहिला.

"दादा, मी विचारतेय."

"माहीत नव्हतं." झाकणाकडे बोट करत तो म्हणाला, "उघडलं असतं तर कळलं असतं. म्हणून उघडलं नाही."

भाचा लॅपटॉपमध्ये तोंड खुपसून उभा होता. कुठंतरी हवेची नळी फुसफुसत होती.

"आणि मला काउंटरवर बसवलंस."

"बसवलं."

"आणि वर गोष्ट सांगत राहिलास."

"लोकांना आवडायची," दादा म्हणाला. मग त्याचा आवाज एकदम चढला. "चूक एक! साठ वर्षांत एक! त्या एकीसाठी फडकं अंथरून प्रदर्शन मांडतेस?"

"मी तर एकही केली नव्हती," ती म्हणाली. "माझं प्रदर्शन बावीस वर्षं चाललं."

ती रडली नाही. रडेल असं तिला वाटलं होतं, पण डोळे कोरडे ठणठणीत होते. तिनं रिंगा उचलल्या आणि खिशात घातल्या. झाकण बाकड्यावर नेलं आणि कामाला लागली. दादा उठून जाईल असं भाच्याला वाटलं. तो गेला नाही. त्यानं खुर्ची उचलली, धापा टाकत आत आणली आणि बाकड्यापासून चार हातांवर टाकली.

तिथं तो रोज बसू लागला. आणि गप्प बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

ब्लॉक बोअर होऊन आला, आतून नव्या भांड्यासारखा, होनिंगच्या, म्हणजे दगडानं घासल्याच्या, तिरप्या रेघांसकट. तिनं तो साबणाच्या पाण्यानं तीनदा धुतला. पांढरं कापड आतून फिरवून काळं येत नाही ना ते पाहिलं. चौथ्यांदा धुतला. "लग्नाला न्यायचाय का त्याला?" दादा म्हणाला. नवे पिस्टन आले, जड, राखाडी, त्यांच्या खोक्यात तसाच घडीचा कागद. तिनं तो दादाच्या मांडीवर ठेवला. त्यानं वाचला नाही, पण खालीही टाकला नाही.

मग रिंगांचा दिवस आला. एक रिंग बोअरमध्ये सारायची, पिस्टन उलटा धरून ती समतल ढकलायची, फटीत गेजची पोलादी पाती घालून मोजायचं. बाहेर काढायची, कानस लावायची, पुन्हा आत, पुन्हा पाती. एकाच दिशेनं घासायचं, दोन-तीन ओढी, जास्त नाही. कमी पडलं तर परत घासता येतं. जास्त झालं तर रिंग फुकट.

"किती झाली?" दादानं विचारलं.

"चौदा."

"बस कर."

तिनं दोन ओढी मारल्या.

"आता?"

"सोळा."

"ठिणगे, धूर निघेल. लोक हसतील."

"मला हसण्याची सवय आहे," ती म्हणाली आणि आणखी दोन ओढी मारल्या. अठराची पाती फटीत शिरली, लोण्यातून सुरी जावी तशी नाही, तर जराशी अडत, कुरकुरत, जशी शिरायला हवी तशी. तिनं ती दोनदा आतबाहेर केली. त्या अडण्याची आठवण तिच्या बोटांत बावीस वर्षं पडून होती.

"अठरा," ती म्हणाली.

"बारा," दादा म्हणाला. आता तो वाद उरला नव्हता. म्हातारा माणूस हट्टानं जुनं गाणं गुणगुणतो, तसं ते होतं.

"बारा नाही. अठरा."

संध्याकाळपर्यंत चारही झाल्या. मानेला रग लागली होती आणि उजव्या अंगठ्याला फोड आला होता. टोच्या घेऊन तिनं झाकणाच्या आत, दादाच्या आकड्यांच्या खाली, आपले आकडे कोरले. भाचा म्हणाला होता, वरचे पॉलिश करून काढून टाकू, झाकण नवं दिसेल. तिनं काढू दिले नाहीत. बारा बारा बारा बारा. खाली अठरा अठरा अठरा अठरा. तिचं अक्षर सरळ, उभं, शेपट्या नसलेलं. पुढे कधी कुणी उघडेल, त्याला काय झालं होतं ते न सांगता कळेल.

इंजिन गाडीत बसलं. भाच्यानं लॅपटॉप जोडला आणि आत्याला विचारून विचारून सगळं लावलं. टर्बोचा दाब किती, कुठल्या गिअरला किती. पहिल्या गिअरला कमी, म्हणजे चाकं जागच्या जागी फिरणार नाहीत. "चारशे नाही तर नाही," तो म्हणाला, "पण आत्या, हे फार शहाणं इंजिन होणार बघ."

"शहाणंच हवंय. वेडेपणा करायला मी आहे."

किल्ली तिनंच फिरवली. इंजिन दोनदा कण्हलं आणि लागलं. मागून निळसर धुराचा एक भपकारा निघाला. थंड घडीव पिस्टन टकटक वाजायला लागले.

"बघ! बघ!" दादा काठी उगारून उभाच राहिला. वीस वर्षांनी लहान दिसत होता. "धूर! काय सांगितलं होतं मी? आणि ती टकटक ऐक, शिवणयंत्र बांधलंस की इंजिन?"

ती गाडीतून उतरली. हात कंबरेवर ठेवून उभी राहिली. पाच मिनिटं गेली. पिस्टन तापले, फुगले, आपापल्या जागेला भरून बसले. टकटक विरली. धूर पातळ झाला, मग दिसेनासा झाला. भाच्यानं पांढरा रुमाल नळकांड्याच्या तोंडाशी धरला आणि बाबांना दाखवला. पांढराच होता.

दादा खाली बसला. "बसवताना लावलेलं तेल जळालं असेल सुरुवातीला," तो म्हणाला, जणू हे सगळं त्यानंच समजावून सांगायचं राहिलं होतं.

महिनाभर तिनं गाडी सांभाळून चालवली, नव्या इंजिनाला हवं तशी. तेल दोनदा बदललं. मग एका रविवारी, सकाळचं ऊन नुकतं तापायला लागलं असताना, ती दादाच्या दारात गाडी घेऊन उभी राहिली.

"चल."

"कुठं?"

"तुला माहितेय कुठं."

दादानं पुढचं दार उघडलं. पुढच्या सीटवर तिनं पाण्याचे दोन मोठे कॅन आणि हत्यारांची पेटी ठेवली होती, पट्ट्यानं बांधून.

"मागे," ती म्हणाली.

"मागे? तीन दारांच्या गाडीत मागे? गुडघे बघ माझे!"

"मी बावीस वर्षं सगळ्यांच्या गाड्यांत मागे बसले. माझेही गुडघेच होते."

सीट पुढे दुमडून, काठी आधी आत टाकून, मग एक पाय, मग डोकं, मग शिव्या, मग दुसरा पाय, असा दादा मागे शिरला. मागच्या काचा उघडत नव्हत्या. त्यानं त्याबद्दलही तक्रार केली.

घाट लागला. पहिली वळणं तिनं शांतपणे घेतली. इंजिन गरम होतं, दाब ठीक होता. मग रस्ता उघडा झाला आणि तिनं पाय दाबला. लहान टर्बो लगेच जागा झाला, बारीक शिट्टी घालत. पुढच्या चाकांनी रस्ता धरला. स्टिअरिंग हातात किंचित थरथरलं, पण सुटलं नाही, पळालं नाही, बोलत राहिलं. किती वर्षांनी कुणीतरी तिच्याशी सरळ बोलत होतं.

दरीच्या बाजूला अर्धा तुटलेला कठडा दिसला. इथंच. इथं ते धडाम् झालं होतं, इथं ती रस्त्याच्या कडेला तेल ठिबकणाऱ्या गाडीजवळ उभी राहून आपल्या उजव्या पायाला शिव्या देत होती.

"ठिणगे," मागून दादाचा आवाज आला, "पाय उचल."

तिनं उचलला नाही.

"ठिणगे!"

तिसऱ्यातून चौथ्यात टाकून तिनं पुन्हा दाबला. कठडा आला, शेजारून गेला, मागे पडला. शिट्टी चढत गेली. काहीही फुटलं नाही. पुढचं वळण आलं, मग त्याच्या पुढचं, मग माथ्यावरचा सपाट माळ, जिथं गाड्या थांबवायला मोकळी जागा होती. तिनं गाडी तिथं घेतली आणि हँडब्रेक ओढला, पण इंजिन बंद केलं नाही. घाट चढून आलेला टर्बो लालबुंद असतो. इंजिन तसंच थोडा वेळ चालू ठेवायचं असतं, त्याला निवू द्यायचं असतं.

खाली दरी होती. वारा होता. इंजिन संथ गुरगुरत होतं. आरशात तिला दादा दिसत होता, गुडघे हनुवटीशी, टोपी तिरकी, चेहरा घामानं चमकणारा.

"उघड आता," तो म्हणाला. "बाहेर येऊ दे मला. श्वास कोंडतोय."

तिनं आपली काच खाली केली. सीट दुमडली नाही. हात स्टिअरिंगवरच ठेवले.

"टर्बो निवतोय," ती म्हणाली. "वेळ आहे. गोष्ट सांग."

"कसली गोष्ट?"

"तीच. सगळ्यांना सांगतोस ती. आता कुणाच्या लग्नात पुन्हा सांगशील, तेव्हा कशी सांगणार आहेस ते ऐकू दे मला."

आरशात त्यानं तिच्याकडे बघितलं. तीही बघत होती, आणि तिनं नजर हलवली नाही. एक मिनिट गेलं असेल. टर्बो केव्हाच निवला होता. दोघांनाही ते माहीत होतं. तरी किल्लीकडे तिचा हात गेला नाही.

मग दादानं टोपी सरळ केली आणि घसा खाकरला.

"आमच्या ठिणगीचं इंजिन," तो म्हणाला आणि थांबला. काठीची मूठ त्यानं दोन्ही हातांनी धरली. "आमच्या ठिणगीचं इंजिन मी फोडलं, ती गोष्ट माहितेय का?"

"नाही," ती म्हणाली. "सांग की."